स्वयंदुरुस्ती आणि कवीचे लहान अक्षर : ‘जेजुरी’च्या संदर्भात

प्रस्तावना :
वर्ड प्रोसेसर हे आज केवळ टंकलेखनाचे साधन राहिलेले नाही. ते लिहिला जाणारा मजकूर तपासते आणि बदलतेही. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या १९९३ मधील सहाव्या आवृत्तीत ‘ऑटोकरेक्ट’ ही सोय आली. इंग्रजी वाक्याचे पहिले अक्षर व वारांच्या नावांचे आद्याक्षर कॅपिटल करणे, शब्दारंभी चुकून दोन कॅपिटल अक्षरे पडल्यास दुसरे लहान करणे, ही तिची काही कामे होत. प्रस्तुत लेखात साहित्यकृतीच्या पाठाच्या दृष्टीने या सोयीची चिकित्सा केली आहे.

नियमामागील गृहीतक :
यंत्राला वाक्याचा अर्थ कळत नाही, त्याच्या खुणा कळतात. पूर्णविरामानंतर मोकळी जागा आली किंवा एंटर दाबून नवा परिच्छेद सुरू झाला, की नवे वाक्य सुरू झाले असे ते धरून चालते. संक्षेपातील पूर्णविरामामुळे फसगत होऊ नये म्हणून अपवादांची यादीही त्याला पुरवलेली असते. कार्यालयीन पत्रव्यवहारासाठी हे गृहीतक पुरेसे आणि उपकारक आहे. मात्र कवितेची ओळ म्हणजे वाक्य नव्हे, आणि लहान अक्षर म्हणजे नेहमीच चूक नव्हे. अमेरिकन लेखिका बेल हुक्स यांनी आपले नाव जाणीवपूर्वक लहान अक्षरांत लिहिले, ते वाचकाचे लक्ष लेखिकेपेक्षा तिच्या विचारांकडे जावे म्हणून.

‘जेजुरी’चा पाठ :
अरुण कोलटकर यांच्या ‘जेजुरी’ (१९७६) या राष्ट्रकुल काव्यपुरस्कारप्राप्त इंग्रजी संग्रहात लहान अक्षरांना विशेष महत्त्व आहे. ‘अ स्क्रॅच’ या कवितेत देव, दगड आणि जेजुरी हे तिन्ही शब्द लहान अक्षरांनीच सुरू होतात. देव आणि दगड यांच्यातील सीमारेषा किती पुसट आहे, हाच या कवितेचा आशय आहे. देवाला कॅपिटल अक्षर दिले असते, तर ती रेषा लिपीनेच ठळक केली असती. देवनागरीत असा भेदच नाही. तेथे देव आणि दगड एकाच मापाच्या ‘द’ने सुरू होतात. कोलटकरांची ही निवड मराठी लिपीच्या सवयीतून आली की कमिंग्जसारख्या आधुनिक इंग्रजी कवींच्या परंपरेतून, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ती अर्थपूर्ण आहे, एवढे मात्र निश्चित.

हीच कविता प्रबंधात उद्धृत करण्यासाठी टंकित केली, तर एंटरनंतरच्या प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर कॅपिटल होते. ओळीच्या मध्ये वा शेवटी आलेले देव आणि जेजुरी मात्र लहानच राहतात. असा अर्धवट दुरुस्त झालेला पाठ कवीचाही नसतो आणि रूढ इंग्रजीचाही नसतो. त्याहून घातक गोष्ट पुढेच आहे. ओळीच सुधारलेल्या दिसल्याने उरलेली लहान अक्षरे नजरचूक वाटू लागतात, आणि टंकलेखक तीही हाताने ‘शुद्ध’ करतो. यंत्राने आरंभलेले काम माणूस पूर्ण करतो.

समारोप :
ही सोय बंद करता येते, झालेला बदल मागेही घेता येतो. त्यामुळे दोष सर्वस्वी यंत्राचा म्हणता येणार नाही. परंतु बदलाची कोणतीही खूण छापील प्रतीत उरत नाही आणि पुढील अभ्यासक तोच पाठ प्रमाण मानून उद्धृत करतो. म्हणून इंग्रजी काव्यावरील प्रबंध तपासताना मार्गदर्शकांनी उद्धृते मूळ पुस्तकाशी अक्षरशः ताडून पाहणे आवश्यक ठरते. शुद्धलेखनाची शिस्त मोलाची आहे. पण कवीने ती कोठे मोडली, याची नोंद ठेवणे हेही समीक्षेचेच काम आहे.