साध्य, साधन आणि माणूस : 'कमला' नाटकातील व्यावसायिक नीतीचा प्रश्न

प्रस्तावना

विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांच्या 'कमला' या नाटकाचा विचार मराठी समीक्षेत प्रामुख्याने स्त्रीवादी अंगाने झाला आहे. विकत आणलेली कमला आणि लग्न करून आणलेली सरिता या दोघींच्या गुलामीतील साम्य हा या विचाराचा केंद्रबिंदू राहिला. हे वाचन योग्यच आहे. परंतु त्यामुळे नाटकाचे दुसरे अंग काहीसे झाकोळले गेले. नाटकाची कथा घरात घडत असली तरी तिचा उगम एका पत्रकाराने आपल्या व्यवसायाचा भाग म्हणून घेतलेल्या निर्णयात आहे. त्या निर्णयाचे नैतिक स्वरूप कोणते, तो कोठे चुकतो आणि संस्था त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

१९८१ साली 'इंडियन एक्सप्रेस'चे पत्रकार अश्विनी सरीन यांनी मध्य प्रदेशातून एक स्त्री विकत घेऊन स्त्रियांच्या खरेदी-विक्रीचे वृत्त प्रसिद्ध केले. या घटनेचा आधार 'कमला'ला आहे. माणसांचा व्यापार राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवला आहे. वेठबिगारीचे उच्चाटन करणारा कायदाही १९७६ साली संमत झाला होता. कायदा असूनही बाजार चालतो, हे सिद्ध करणारी बातमी सार्वजनिक हिताची होती, यात शंका नाही. तेंडुलकरांनी स्वतः 'मराठा', 'लोकसत्ता' यांसारख्या वृत्तपत्रांत काम केले होते. त्यामुळे नाटकातील पत्रकारितेचे चित्रण बाहेरून पाहणाऱ्याचे वाटत नाही.

निर्णयाचे विश्लेषण

नाटकातील जयसिंग जाधव हा दिल्लीतील इंग्रजी दैनिकाचा नावाजलेला पत्रकार. लुहारडागाच्या बाजारातून तो कमला या आदिवासी स्त्रीला २५० रुपयांना विकत घेतो आणि पत्रकार परिषदेत पुरावा म्हणून उभी करतो. त्याचा युक्तिवाद वरवर पाहता भक्कम आहे. एका स्त्रीच्या खरेदीने हजारो स्त्रियांची विक्री उघड होत असेल, तर ती खरेदी क्षम्य ठरावी, अशी ही परिणामवादी भूमिका आहे. जॉन स्टुअर्ट मिलच्या उपयुक्ततावादाच्या आधारे तिचे समर्थन करता येईल. उलट इमॅन्युएल कांटच्या नीतिविचारानुसार माणसाला केवळ साधन म्हणून वापरणे कोणत्याही परिस्थितीत अनुचित ठरते.

येथे 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. समाजजीवनात प्रत्येक जण दुसऱ्याच्या कोणत्या ना कोणत्या उपयोगी पडतच असतो. रुग्ण डॉक्टरांकडून उपचार घेतो, विद्यार्थी शिक्षकाकडून ज्ञान घेतो. या व्यवहारात समोरच्याचे माणूसपण शिल्लक राहते की नाही, हा खरा प्रश्न आहे. म्हणून जयसिंगची चूक खरेदीच्या क्षणी झाली, असे म्हणून थांबणे पुरेसे नाही. दुसरा मार्गच नव्हता, असे क्षणभर मान्य केले तरी खरेदीनंतरच्या कृती त्याला दोषी ठरवतात. कमलाला तो आपले खरे प्रयोजन सांगत नाही. सरिता तिला स्वच्छ कपडे देऊ पाहते, तेव्हा तो नकार देतो. कारण मळक्या, फाटक्या वस्त्रांतील कमलाच बातमीला उपयोगी आहे. परिषदेत तिला विचारल्या गेलेल्या अश्लाघ्य प्रश्नांचे वर्णन तो घरी येऊन हसत करतो. सरिता तिला घरी ठेवून घेऊ इच्छिते, परंतु तिची रवानगी आश्रमात होते. बातमी छापून झाल्यानंतर कमलाचे काय, याची योजना जयसिंगपाशी कधीच नव्हती. संमती, प्रतिष्ठा आणि उत्तरदायित्व या तिन्ही कसोट्यांवर त्याचा निर्णय येथे कोसळतो.

काकासाहेब हे लहान मराठी वृत्तपत्र चालवणारे जुन्या वळणाचे संपादक या पत्रकारितेवर कठोर टीका करतात. मात्र पती म्हणून आपणही जयसिंगपेक्षा वेगळे नव्हतो, अशी कबुली ते सरितेपाशी देतात. व्यवसायातील नीती आणि घरातील नीती यांत पडलेली फट तेंडुलकर अशा रीतीने उघडी करतात.

संस्थेची भूमिका

प्रकरणात बड्या व्यक्तींचे हितसंबंध गुंतलेले असल्याने वृत्तपत्राचा मालक जयसिंगला नोकरीवरून काढून टाकतो. अनेकदा या घटनेकडे काव्यात्म न्याय म्हणून पाहिले जाते. सूक्ष्म विचार केला असता ही शिक्षा न्याय ठरत नाही. जयसिंगने जे अनुचित केले, त्याबद्दल संस्था त्याला चकार शब्द विचारत नाही. त्याने जे सत्य उजेडात आणले, त्याबद्दल मात्र त्याला शिक्षा होते. संस्थेच्या लेखी साधनशुचितेचा प्रश्न अस्तित्वातच नाही. प्रश्न आहे तो सोयीचा. कर्मचाऱ्याचे धाडस खपाच्या उपयोगी पडते तोवर त्याचे कौतुक होते आणि गैरसोयीचे ठरताच तो टाकाऊ होतो. जयसिंगने कमलाचा जसा उपयोग केला, तसाच मालकाने जयसिंगचा केला. साधन करणारा स्वतःच साधन ठरतो, हे या नाटकाचे संस्थात्मक सत्य होय.

जयसिंग बडतर्फ होण्यापूर्वी सरिताही पत्रकार परिषद घेऊन नवऱ्याचे खरे रूप जगापुढे मांडण्याची भाषा बोलते. तिचा संताप न्याय्य आहे. परंतु तिने निवडलेले हत्यार जयसिंगचेच आहे. कोसळलेल्या जयसिंगला पाहून ती तूर्त थांबते; आपला हक्क मात्र सोडत नाही. या माघारीला काही समीक्षक पराभव मानतात. समोरच्या माणसाची अवस्था पाहून कृतीची वेळ ठरवणे हा मात्र विवेक आहे आणि नेमका तोच विवेक जयसिंगला कमलाबाबत दाखवता आला नव्हता.

नाटकाची मर्यादा

कमलाचा प्रश्न नाटक ज्या गांभीर्याने उपस्थित करते, त्या गांभीर्याने शेवटपर्यंत नेत नाही. सरितेला तिची किंमत विचारून कमला रंगमंचावरून जाते, ती परतत नाही. तिच्या प्रश्नाने सरिता जागी होते, नाटक पुढे सरकते आणि कमला मागे पडते. ज्या वृत्तीवर नाटककार बोट ठेवतो, तिचा अंश नाट्यरचनेतही उतरला आहे, असे म्हणणे भाग पडते.

समारोप

'कमला'ने उपस्थित केलेला प्रश्न तिच्या काळापुरता मर्यादित राहिला नाही. २००१ साली 'तहलका'ने छुप्या चित्रणाद्वारे संरक्षण व्यवहारांतील लाचखोरी उघड केली. त्या शोधमोहिमेत स्त्रियांचा वापर झाल्याचे त्याच वर्षी समोर आले आणि साधनशुचितेचा वाद पुन्हा उभा राहिला. हा प्रश्न पत्रकारितेपुरताही नाही. संशोधनासाठी पाड्यावर जाऊन माहिती गोळा करणारा प्राध्यापक, रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध करणारा डॉक्टर, लाभार्थ्यांची छायाचित्रे अहवालात लावणारी सेवाभावी संस्था या सर्वांपुढे तो उभा आहे. ज्याच्या दुःखावर आपले काम उभे राहिले, त्याचे काम संपल्यानंतर काय झाले, हे विचारण्याची जबाबदारी कोणाची? आचारसंहितेत या प्रश्नाला स्थान मिळेल तेव्हा मिळेल. तोवर निर्णय घेणाऱ्याने तो स्वतःला विचारला पाहिजे, ही या नाटकाची शिकवण होय.