निवड कोणाची?
रस्त्यावरील छायाचित्रणाच्या लोकप्रियतेविषयी

एखाद्या कलेचे उपासक वाढले म्हणजे ती कलाच वाढली, असे मानण्याचा मोह रसिकास सहज होतो. रस्त्यावरील छायाचित्रणाच्या बाबतीत हा मोह विशेष बळावतो. वाटेने जाणाऱ्या अपरिचितांना मुद्दाम उभे न करता, जसे दिसले तसे टिपण्याची ही कला. तिच्या लोकप्रियतेला गेल्या शंभर वर्षांत अनेकदा भरती-ओहोटी आली, आणि भरतीचे श्रेय बहुधा यंत्राला देण्यात आले.

यंत्राचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. 1925 साली बाजारात आलेल्या लायका या लहान कॅमेऱ्याने छायाचित्रकाराला गर्दीत मिसळण्याची मोकळीक दिली. पुढे 1952 साली आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा गाजलेला संग्रह निघाला. त्याच्या मूळ फ्रेंच नावात घाईने, चोरटेपणाने टिपल्याची छटा आहे. इंग्रजी आवृत्तीने मात्र 'निर्णायक क्षण' अशा अर्थाचे नाव घेतले. या नावाने वाचकांवर अशी मोहिनी घातली की, क्षण साधला म्हणजे कला साधली, हा समज रूढ झाला. वस्तुतः क्षणाची निवड दोनदा होते : एकदा रस्त्यावर, कळ दाबताना, आणि दुसऱ्यांदा घरी, ठशांच्या तक्त्यावर, नकोसे बाजूस सारताना. पहिली निवड पुष्कळ अंशी सहजप्रेरणेची असते; दुसरीत कलावंताची विवेकबुद्धी प्रकट होते.

रॉबर्ट फ्रँक यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 1955 ते 1957 या काळात अमेरिकेत हिंडून त्यांनी पंचवीस हजारांहून अधिक छायाचित्रे घेतली आणि 'द अमेरिकन्स' या पुस्तकात केवळ 83 ठेवली. पुस्तक 1958 साली पॅरिसला व 1959 साली न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाले. तेथील अनेक टीकाकारांनी त्याला कडवट नि ओबडधोबड ठरविले. पुढच्या पिढीने त्यालाच आदर्श मानले. त्याचे सामर्थ्य सुट्या चित्रांपेक्षा त्यांच्या अनुक्रमात आहे : पुनःपुन्हा येणारा राष्ट्रध्वज प्रत्येक वेळी निराळा अर्थ घेऊन येतो.

याच्या उलट गॅरी विनोग्रँड. 1967 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयातील प्रदर्शनाने त्यांची कीर्ती झाली. 1984 साली ते वारले तेव्हा सुमारे अडीच हजार फिल्मरिळे धुतलीही गेली नव्हती. कळ दाबण्याचा वेग निवडीच्या धीराला मागे टाकून गेला होता.

आणि येथेच व्हिव्हियन मायर यांचा प्रश्न उभा राहतो. शिकागोत मुले सांभाळून चरितार्थ चालविणाऱ्या या बाईंनी लाखावर छायाचित्रे घेतली. ती जवळजवळ कोणास दाखविली नाहीत. 2007 साली भाडे थकल्यामुळे त्यांच्या पेट्यांचा लिलाव झाला, 2009 मध्ये त्या निवर्तल्या, आणि त्यानंतर जगभर त्यांचा गौरव झाला. आपण पाहतो ती चित्रे निवडली मात्र इतरांनी. मरणोत्तर कीर्ती आपल्या वाङ्मयाला अपरिचित नाही. केशवसुतांच्या कवितांचा संग्रहही 1905 मधील त्यांच्या निधनानंतरच निघाला. परंतु त्यातील पुष्कळ कविता त्यांनी स्वतः नियतकालिकांकडे धाडल्या होत्या; 'ही माझी कविता' असे त्यांनी म्हटले होते. मायर यांनी तसे म्हटल्याचा पुरावा फार थोडा. नजर निःसंशय त्यांची. परंतु त्या नजरेतून उभे राहिलेले जग कितपत त्यांचे, हे सांगणे कठीण.

काहीजण म्हणतील, नजर असली म्हणजे पुरे. बाकी संपादकाचे काम. हे मत सर्वस्वी त्याज्य नाही. मायर यांची उत्तम चित्रे पाहिल्यावर ते पटूही लागते. पण तेच खरे मानले तर फ्रँक यांच्या 83 चित्रांचे मर्म हातातून निसटते.

आज मोबाइलमुळे ही कला पूर्वी कधी नव्हती इतकी लोकांच्या हाती आली आहे. विद्यार्थी रस्त्यावरची चित्रे घेऊन उत्साहाने शिक्षकांकडे येतात, ही आनंदाचीच गोष्ट. त्यांच्या उत्साहावर पाणी न टाकता आपण एवढेच विचारावे : "यांतली कोणती ठेवशील, आणि का?" या प्रश्नाशी जो विद्यार्थी थबकेल आणि पुन्हा आपल्याच चित्रांकडे पाहू लागेल, त्याच्यापासून या कलेला खरी आशा आहे.