‘बहुवारिक सौर घट’ : एका संज्ञेची चिकित्सा

प्रकाशापासून वीज निर्माण करणाऱ्या सेंद्रिय घटांच्या एका वर्गास ‘बहुवारिक सौर घट’, म्हणजे पॉलिमरचा सौर घट, असे म्हटले जाते. संज्ञा सुटसुटीत आहे. ती यथार्थ आहे काय, हे मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. पारिभाषिक शब्द हा विद्यार्थ्याचा पहिला शिक्षक होय. त्यानेच अर्धे सांगितले, तर उरलेले अर्धे दीर्घकाळ दृष्टीआड राहते.

या घटांतील बहुवारिके ‘संयुग्मी’ असतात. त्यांच्या कार्बन-शृंखलेत एकेरी व दुहेरी बंध एकाआड एक येतात. ‘संयुग्मी’ या शब्दात ‘युज्’ हा धातू आहे, आणि इंग्रजी संज्ञेच्या मुळाशी असलेला ‘जू’ या अर्थाचा लॅटिन शब्दही त्याच कुळातला. इलेक्ट्रॉन कोणा एका बंधाचे न राहता शृंखलेवर पसरतात, हे या शब्दाने चांगले सुचविले जाते. परंतु ही जोडी समसमान नसते, हे त्यातून कळत नाही. बंध आखूड-लांब असल्यामुळेच पॉलिअ‍ॅसिटिलीनमध्ये सुमारे १.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जा-फट पडते व ते अर्धसंवाहक ठरते. शिराकावा, मॅकडायर्मिड व हीगर यांनी १९७७ मध्ये हॅलोजनांच्या साहाय्याने त्याची संवाहकता प्रचंड वाढविली. २००० चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, आणि ‘वीजवाहक प्लॅस्टिक’ हा शब्दप्रयोग लोकप्रिय झाला. सौर घटास मात्र प्रकाश शोषून घेणारे अर्धसंवाहक रूपच लागते.

प्रकाश शोषला जाताच बहुवारिकात एक्सायटॉन, म्हणजे परस्परांना बांधलेली विरुद्ध प्रभारांची जोडी, निर्माण होते. ती साधारणतः १० नॅनोमीटर अंतर जाते, तोच नाहीशी होते. तत्पूर्वी तिला इलेक्ट्रॉन घेणारा ग्राही भेटला पाहिजे. बहुवारिकाकडून फुलरीनकडे इलेक्ट्रॉन जातो, हे सारिचिफ्तची व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखविले. १९९५ मध्ये यू, हीगर प्रभृतींनी दोहोंचे मिश्रण करून घट तयार केला. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात बहुवारिक घटाचा उल्लेख आहे, तसाच दाता-ग्राही संधींच्या अंतर्गत जाळ्याचाही आहे. व्यवहारात पूर्वार्ध टिकला, उत्तरार्ध गळून गेला. वस्तुतः व्याकरणातला संधी जसा एका वर्णाचा होत नाही, तसा कार्यक्षम घटही एकट्या बहुवारिकाचा होत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, दाता व ग्राही ही दोन्ही बहुवारिके असलेले घटही आहेत. परंतु त्यांस ‘सर्व-बहुवारिक’ असे वेगळे विशेषण जोडावे लागते, यातच मूळ संज्ञेचे अपुरेपण सिद्ध होते. दुसरा आक्षेप असा की, नावाने संशोधन अडत नाही. तो बव्हंशी मान्य करावा लागेल. पुढील बराच काळ नवनवी दाता-बहुवारिके घडविली गेली आणि ग्राही म्हणून बहुधा फुलरीनच राहिले; त्याचे मुख्य कारण फुलरीनची गुणवत्ता हे होते. तथापि २०१९ मध्ये ‘वाय-६’ या लहान रेणूच्या ग्राहीने ‘पीएम-६’ या बहुवारिकासह १५.७ टक्के कार्यक्षमता गाठून दिली, आणि पुढे हा आकडा १९ च्याही वर गेला. या प्रगतीत ज्याचा वाटा एवढा मोठा, त्या ग्राहीला घटाच्या नावात स्थानच नाही.

म्हणून मराठीत ‘बहुवारिक-दाता सौर घट’ अशी संज्ञा योजणे इष्ट होय. दाता म्हटला की ग्राही कोण, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात आपोआप उभा राहतो; आणि या विषयातील खरा प्रश्नही तोच आहे.