‘स्टेला’ : एका नाण्यावरील लेखाची चिकित्सा

अमेरिकेच्या टांकसाळीने १८७९ व १८८० साली पाडलेले चार डॉलरांचे ‘स्टेला’ हे सुवर्णनाणे संग्राहकांत परमदुर्मिळ मानले जाते. त्याच्या दुर्मिळतेचे मोल बाजार ठरवितोच. प्रस्तुत टिपणात विचार करावयाचा आहे तो त्यावरील लेखाचा.

ऑस्ट्रिया-हंगेरीतील अमेरिकेचे वकील जॉन कॅसन यांनी या नाण्याचा पुरस्कार केला. १८६५ च्या लॅटिन नाणेसंघातील वीस फ्रँकांच्या नाण्याशी सहज जुळेल व परदेशी व्यापाऱ्यालाही कळेल, असे नाणे त्यांना हवे होते. म्हणजे ‘सर्वांना वाचता यावे’ हेच त्याचे प्रयोजन. या कसोटीवर ते उतरते काय?

मुखावर स्वातंत्र्यदेवतेचे मस्तक आहे. चार्ल्स बार्बर यांच्या घडणीत केस मोकळे आहेत, तर जॉर्ज मॉर्गन यांच्या घडणीत ते वेणी घालून गुंडाळलेले आहेत. मॉर्गन यांची रेषा अधिक संयत, म्हणून अधिक प्रभावी वाटते. पृष्ठभागी पंचकोनी तारा आहे. दहा डॉलरांच्या नाण्याला जसे गरुडाचे, तसे या नाण्याला ताऱ्याचे लॅटिन नाव मिळाले. येथवर चिन्ह व शब्द यांचा मेळ उत्तम बसला आहे.

दोष आहे तो मस्तकाभोवतीच्या लेखात. सहा ग्रॅम सोने, ०.३ ग्रॅम चांदी, ०.७ ग्रॅम तांबे, एकूण सात ग्रॅम, असा त्याचा आशय. परंतु धातूंसाठी केवळ इंग्रजी आद्याक्षरे योजली आहेत. शिवाय दोन पदांमध्ये जो तारा येतो, तोच ‘ग्रॅम्स’ या एका शब्दाच्या अक्षराअक्षरांमध्येही येतो. परिणामी पद कोठे संपले हे कळत नाही. सोन्याचा ‘जी’ आणि ग्रॅमचा ‘जी’ डोळ्यांना सारखेच दिसतात. जे चिन्ह सर्वत्र येते ते काहीच विभागीत नाही. ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यासाठी कोरलेला हा लेख इंग्रजी जाणणाऱ्यालाच उलगडतो.

आशयही निर्दोष नाही. वीस फ्रँकांत शुद्ध सोने सुमारे ५.८१ ग्रॅम होते, तर तत्कालीन चार डॉलरांत सुमारे ६.०२ ग्रॅम. स्टेलातील सहा ग्रॅम यांपैकी कोणाशीच तंतोतंत जुळत नाहीत. दोन भाषांमध्ये उभा राहिलेला हा दुभाषी कोणतीही भाषा शुद्ध बोलत नाही.

काँग्रेसने या नाण्यास संमती दिली नाही. बार्बर यांच्या १८७९ च्या घडणीचे सव्वाचारशेच्या आसपास नमुने पडले. उरलेल्या तीन प्रकारांचे तर फारच थोडे. तेव्हा त्याची दुर्मिळता ही झिजून वा वितळून आलेली नव्हे. ते चलनात कधी उतरलेच नाही. दुर्मिळतेला गुणवत्तेचा पुरावा मानण्याची सवय आपल्या संहितासंशोधनातही आहे. एखाद्या पोथीची एकच प्रत उरली, एवढ्याने तिचा पाठ श्रेष्ठ ठरत नाही. स्टेलाचे खरे मोल त्याच्या अपयशात आहे : व्यवहाराने न स्वीकारलेले चिन्ह कितीही सुंदर असले, तरी ते चलन होत नाही.