भुलाबाईच्या खाऊचा आवाज

परतवाड्याच्या आमच्या घरात १९८०च्या दशकात भरलेली एक कॅसेट आहे. तिच्यात गल्लीतल्या पोरींनी म्हटलेली भुलाबाईची गाणी आहेत. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडात घरोघरी रंगणाऱ्या या गाण्यांचे शब्द पुस्तकांत मिळतात. या कॅसेटचं सौंदर्य मात्र शब्दांच्या आजूबाजूला आहे.

आधी टिपऱ्या ऐकू येतात. लय वाढते तशा धाकट्या पोरी मागे पडतात आणि कडव्याच्या शेवटी धावत येऊन सगळ्यांना गाठतात. विषय सासरचा जाच, माहेरची ओढ. पण सासर अजून पाहिलंच नाही अशी ही वयं, म्हणून सूर खणखणीत, आनंदी. मग एका ओळीवर मागून आजीचा आवाज मिसळतो. शब्द तेच, चाल तीच, तरी ती ओळ जड होते. पोरींना जे पाठ आहे, ते आजीने भोगलेलं आहे. हे अंतर छापील पानावर उमटत नाही.

गाणी संपली की खाऊ ओळखायचा. घरची बाई झाकलेला डबा कानाशी हलवते.

“फुटाणे हायेत व!”

“नाही. ओयखा ना!”

“मंग शेंगदाणे!”

आज ऐकतानाही आपण मनात नावं घेऊ लागतो. दुसरा डबा वाजतच नाही, तेव्हा पोरी एकदम गप्प होतात; न वाजणारा खाऊ ओळखणं सर्वांत कठीण. बालपणाची हकिगत सांगणाऱ्या लेखनात आपण वाचक असतो, इथे आपण खेळातले भिडू होतो.

असे आवाज जपण्याचं काम मोठ्या प्रमाणावरही झालं आहे. संशोधक हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या कित्येक बायांच्या स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. त्या कामाने ओवीबरोबर गळाही जपला. घरच्या कॅसेटी त्याच मोलाच्या आहेत.

कॅसेटची फीत कायम टिकत नाही. बुरशी लागते, आवाज विरतो. तुमच्या घरात अशी कॅसेट असेल तर ती लवकर संगणकावर उतरवून घ्या. गाणाऱ्यांची नावं, गाव, साल लिहून ठेवा. आणि मधलं हसणं, चुकणं, डब्याचा खुळखुळाट गोंगाट समजून कापू नका.