हौशी वैमानिकांचा विनोद

अमेरिकेंतील हौशी वैमानिकांत एक गमतीची चाल आहे. शिष्यानें प्रथमच एकट्यानें विमान उडवून सुखरूप खालीं आणलें, कीं गुरु त्याच्या सदऱ्याचें मागचें टोंक कापतो. जुन्या उघड्या विमानांत यंत्राच्या आवाजामुळें शब्द ऐकूं येत नसे. म्हणून मागें बसलेला गुरु तेंच टोंक ओढून सूचना देई, असें ह्या चालीचें मूळ सांगतात. आतां ओढावयास गुरु जवळ नाहीं, तर टोंक तरी कशास? कित्येकांस हा पोरखेळ वाटेल. आम्ही मात्र ह्यास उत्तम प्रतीचा विनोद मानतों. कारण ज्याची थट्टा होते, त्याचाच तींत गौरव होतो. परंतु हसण्यावारीं नेलेली चूक आकाशांत जिवावर बेतते. म्हणून, चूक मोकळेपणें सांगण्याचें धैर्य जिच्यामुळें येतें, तीच थट्टा आमच्या मतें श्रेष्ठ होय.