‘रिलिजन’, धर्म आणि धम्म : एका शब्दभेदाची चिकित्सा

वर्षावासात कुर्ल्याच्या वस्त्यांमधील विहारांत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. चतुर्थ खंडाशी आले की उपासक-उपासिकांकडून एक प्रश्न हमखास येतो. जनगणनेच्या तक्त्यात ‘धर्म’ या रकान्यापुढे आपण ‘बौद्ध’ असे अभिमानाने नोंदवितो. मग धम्म हा ‘रिलिजन’हून मूलतः भिन्न आहे, असे बाबासाहेब का प्रतिपादतात?

यावर बहुधा ठराविक उत्तर दिले जाते : ‘धर्म’ हा शब्द संस्कृत, ‘धम्म’ पालि. भाषाशास्त्रदृष्ट्या ते बरोबर आहे; परंतु त्याने प्रश्न सुटत नाही. दोन भाषांतील एकाच शब्दाची ही दोन रूपे होत. रूप पालटले म्हणून आशय आपोआप पालटत नाही. खुद्द बाबासाहेबांनी १९३५ च्या येवला घोषणेपासून १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणापर्यंत मराठीत ‘धर्म’ हा शब्द मोकळेपणाने वापरला आहे. तेव्हा भेद अक्षरांचा नसून आशयाचा आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ इंग्रजी ग्रंथात बाबासाहेब आधी ‘रिलिजन’ या शब्दाचीच झडती घेतात. या शब्दाला एक निश्चित अर्थ नाही, कारण तो अनेक अवस्थांतून गेला आहे, असे ते दाखवितात. निसर्गाच्या कोपाचे भय, त्यावर उतारा म्हणून जादूटोणा, पुढे श्रद्धा व कर्मकांड, आणि अखेरीस ईश्वर, आत्मा व पूजाअर्चा असा त्याचा प्रवास आहे. त्यानंतर ते निर्णायक मुद्दा मांडतात. ‘रिलिजन’ ही ज्याची त्याची खासगी बाब मानली जाते. धम्म मात्र सामाजिक आहे. मनुष्य एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दुसरा मनुष्य आला की धम्मावाचून चालत नाही. ‘रिलिजन’ जगाच्या उत्पत्तीचा उलगडा करू पाहतो, तर धम्म जगाची पुनर्रचना करू पाहतो.

हा अर्थ आधुनिक काळात कल्पिलेला आहे, असा आक्षेप घेतला जातो. पालि वाङ्मयात ‘धम्म’ शब्दाला उपदेश, वस्तुमात्र, मनाचा विषय असे अनेक अर्थ आहेत, हे खरे. परंतु आपल्या परिसरातील दगड काय सांगतात तेही पाहावे. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतील दानलेखांत ‘देयधम’ हा शब्द वारंवार येतो. तेथे त्याचा अर्थ पंथ नव्हे, दान असा आहे. सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक खंड १९५६ सालीच सोपाऱ्याजवळ भुईगाव येथे सापडला. आजारपण, विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक जी नाना मंगलकृत्ये करतात ती अल्पफलदायी होत, असे हा लेख सांगतो. खरे धम्ममंगल कोणते? दास व सेवकांशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान. यात सृष्टीच्या कर्त्याचा उल्लेख नाही. माणसाने इतरांशी कसे वागावे याचा आहे.

भाषांतराची आणखी एक अडचण येथे नोंदविणे आवश्यक वाटते. नुसती नीती पुरेशी नाही, असे बाबासाहेब त्याच खंडात म्हणतात. एखाद्या टोळीलाही आपल्यापुरती नीती असते. म्हणून नीती सार्वत्रिक हवी आणि ‘सेक्रेड’ही हवी. या शब्दासाठी मराठीत आपण सहज ‘पवित्र’ म्हणतो. पण मराठी मनात ‘पवित्र’ या शब्दामागे सोवळे आणि विटाळ उभे असतात, आणि त्या विटाळाचे चटके आपल्याच पूर्वजांनी सोसले आहेत. बाबासाहेबांना अभिप्रेत असलेले पावित्र्य हे नव्हे. दुर्बलाचे रक्षण करणारा नियम बलवानाला स्वतःच्या सोयीसाठी मोडता येऊ नये, हा त्यातील आशय आहे. त्यासाठी ‘अनुल्लंघनीय’ हा शब्द आम्हांला अधिक निर्दोष वाटतो.

आता ही चिकित्सा स्वतःलाही लावू. लग्नपत्रिकेवर ‘बौद्ध धम्म पद्धतीने’ असे छापावयाचे आणि तारीख मात्र पंचांग पाहून ठरवावयाची. व्यासपीठावर मैत्रीचे प्रवचन करावयाचे आणि सोयरीक जुळविताना पोटजात विचारावयाची, असे आपल्यात घडत नाही काय? तसे घडते तेव्हा शब्द ‘धम्म’ असतो. आशय मात्र बाबासाहेबांनी नाकारलेल्या ‘रिलिजन’चाच असतो. उलट, रकान्यात ‘धर्म’ असे छापलेले असूनही जो शेजाऱ्याशी समतेने वागतो, त्याच्यापाशी धम्म आहे. म्हणून वाचनाच्या वेळी ‘धर्म’ की ‘धम्म’ या वादात घटका दवडण्याऐवजी, दुसऱ्या माणसाशी आपले नाते कोणते, हा प्रश्न प्रथम विचारावा, अशी आमची विनंती आहे.